दोघांचं जेवण

अस्कर, बहरीन
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

ती. मंगलावहिनींना स्वरूपचा नमस्कार.

पत्र तुमच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर आलेलं बघून तुम्ही घाबराल, म्हणून आधीच लिहितो की माझी तब्येत चांगली आहे आणि ड्युटी व्यवस्थित चालू आहे. घरी फोन केला की दादा स्पीकर लावतो. मेसेज केला तर दीप्ती "काकाचा मेसेज" म्हणून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते. मला तुमच्या एकटीशी बोलायचं होतं. आमच्या कँपातले रॉबर्टअंकल रविवारी सुट्टीवर वसईला जाताहेत, ते तिथून हे पत्र कुरियर करतील. सोबत एक पार्सलही असेल.

इकडे आता हवा बरी झाली आहे. दुपारी शेडमध्ये उभं राहता येतं. मेसमध्ये नवीन आचारी आला आहे, तो डाळीत साखर घालतो. रॉबर्टअंकल म्हणतात, "ही डाळ नाय रे, हे तर पायस झालं." तुमच्या खोकल्याची ढास थांबली का? दीप्तीच्या कॉलेजची सहामाही कशी गेली ते कळवा. कलमांना मोहर कधी धरेल याची दादा रोज वाट बघत असेल.

कोरियाचं फोनवर फार सांगता आलं नाही. मी सांगायला लागलो की दादा "बरां बरां" म्हणून फोन तुमच्याकडे द्यायचा. म्हणून इथे नीट लिहितो.

नवीन क्रेनचं ट्रेनिंग दहा दिवसांचं होतं. त्यात एकच रविवार मोकळा मिळाला, तारीख सव्वीस ऑक्टोबर. माझ्याबरोबर ऑफिसचा जो माणूस होता तो दिवसभर झोपणार म्हणाला. मी हॉटेलच्या कार्डाचे दोन फोटो काढले, कार्ड खिशात ठेवलं, आणि हरवलो तर दाखवायला पत्ता एका कागदावरही उतरवून घेतला. मग मेट्रोने बुसानच्या मासळीबाजाराच्या स्टेशनवर उतरलो.

वहिनी, तो बाजार तुम्ही बघायला हवा होता. बंदराला लागून मोठी इमारत आणि बाहेर रस्ताभर छत्र्या लावून बसलेल्या बायका. रबराचे लालभडक हातमोजे, कमरेला मेणकापडी एप्रन. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, पण भाव करताना त्या ज्या तऱ्हेने गिऱ्हाइकाकडे न बघता पाणी मारत होत्या ते बघून मला आपल्या बाजारातल्या बायका आठवल्या. बांगडे अगदी आपल्यासारखे, फक्त मिठाने गच्च भरलेले. आणि एका टोपलीत चकचकीत चांदीच्या पट्ट्यांसारखं काय ते ठेवलंय म्हणून वाकून बघितलं, तर वाकटी! पण केवढी! माझ्या हातापेक्षा लांब आणि चार बोटं रुंद. आपण जिला सुकवून चुलीवर भाजतो आणि पाहुणे आले की झाकून ठेवतो, ती तिथे बर्फावर एकेक वेगळी मांडली होती.

मग बाजूच्या गल्ल्यांत खरेदी केली. दीप्तीला मोजे घेतले, सहा जोड, प्रत्येकावर वेगळं मांजर आहे. ती हसेल, पण तिथे मुली तसेच घालतात. तुमच्यासाठी कातर घेतली आहे. ती कापडाची नाही, स्वयंपाकाची आहे. तिकडे विळी नाहीच, बायका मासा, भाजी, भाकरीसारखं काही असेल ते, सगळं कातरीने कापतात, ताटातसुद्धा. कोलंबीचे पाय काढायला चांगली पडेल. धार जास्त आहे, सांभाळून.

दादासाठी मात्र काही आणलं नाही, असं मी फोनवर म्हणालो. ते अर्धंच खरं आहे. मी दादासाठीच त्या दिवशी बाहेर पडलो होतो.

इथून पुढचं मी तीन वेळा कच्चं लिहिलं आणि फाडलं.

आमच्या कँपात कोणीतरी सांगितलं होतं की कोरियात अर्ध्या तासात चष्मा करून देतात आणि चांगला देतात. एप्रिलपासून माझ्या डोक्यात एकच होतं. दादाची नोकरी डोळ्यांमुळे गेली, तर निदान चष्मा तरी मी देईन. म्हणून क्लिनिकचा तो कागद, ज्यावर त्याला "अनफिट" लिहिलं होतं, तो मी बॅगेत घडी करून नेला होता.

दुकानातली बाई तुमच्याच वयाची असेल. तिने दोन्ही हातांनी कागद घेतला, बघितला, परत उलटून बघितला. त्यावर चष्म्याचा नंबर नव्हताच. मी "ब्रदर, ब्रदर" म्हणत राहिलो. तिला वाटलं डोळे माझे आहेत. "सिट, सिट," म्हणून तिने मला खुर्चीत बसवलं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. ती इतकी नम्रपणे बोलत होती की नाही म्हणायची मला लाज वाटली. एक डोळा झाकून मी बसलो.

समोर पडद्यावर अक्षरं आली. सगळी कोरियन.

तिने छडीने एक ओळ दाखवली. मला प्रत्येक रेघ दिसत होती, वहिनी. कुठे गोल आहे, कुठे आडवी काडी आहे, सगळं. पण तोंडातून काय काढू? तिने वरच्या मोठ्या ओळीवर छडी नेली. मग आणखी वरच्या. तिच्या चेहऱ्यावर काळजी यायला लागली. शेवटी सर्वांत वरचं एकच अक्षर, ताटाएवढं. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही बघायला लागली. माझे कान तापले, आणि मी म्हणालो, "नो सी."

दिसत नाही.

खोटं होतं ते. "मला तुमची अक्षरं वाचता येत नाहीत" एवढं सांगायला काय लागत होतं? परक्या मुलखात त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. तरीही मला आंधळा व्हायला सोपं गेलं.

आणि त्याच क्षणी मला एप्रिलमधलं क्लिनिक आठवलं. मी दाराबाहेर उभा होतो. आत नर्स म्हणत होती, खालून वाच, बरं वरची ओळ, बरं सगळ्यांत मोठं अक्षर तरी? आणि दादाचा आवाज आला, "दिखता नहीं, सिस्टर." त्याने ते इतक्या शांतपणे म्हटलं होतं की मी बाहेर रडलो होतो.

दुकानातल्या बाईला अचानक उमजलं. ती कपाळावर हात मारून हसली, मला वाकून "सॉरी, सॉरी" म्हणाली आणि कसलंसं बटण दाबलं. अक्षरं गेली आणि चित्रं आली. लहान मुलांसाठी असतात तशी. विमान, मोटार, बदक, फुलपाखरू. मी घाबरून मराठीतच सांगितली सगळी, आणि हाताने पंख करून दाखवले. तिला कळली. डावा डोळा माझाच थोडा अधू निघाला. चष्मा मलाच लागला, तो लावूनच हे लिहितो आहे.

तिथून निघालो तेव्हा दोन वाजले होते. बाजाराच्या मागे एक छोटं जेवणघर होतं, वाकटीचं कालवण आणि भाजलेली वाकटी, एवढंच करणारं. मी आत गेलो तर मालकीण हाताने नको नको करायला लागली. मी पैसे दाखवले. ती मान हलवून माझ्याकडे एक बोट करी आणि मग दोन बोटं वर करी. कळायला वेळ लागला. तिथे एकट्या माणसाला ते जेवण वाढत नाहीत. पातेलंच दोघांचं असतं, कमीत कमी दोघं हवीत. मी दोन बोटं वर केली आणि म्हणालो, "टू." तिने दाराकडे बघितलं, दुसरा कुठे आहे म्हणून. मग काही न विचारता दोन वाट्या भात, दोन चमचे, दोन पाणी, सगळं समोरासमोर मांडलं.

भिंतीवर पदार्थांची यादी होती, ती काय वाचणार. मी शेजारच्या टेबलावरच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. त्यांना दिलंत ते द्या.

बोट तसंच राहिलं माझं.

दादा असंच करतो. मनाम्यात शुक्रवारी तो मला खाणावळीत न्यायचा तेव्हा मेन्यूकार्ड आलं की न उघडता माझ्यापुढे सरकवायचा. एकटा असला की सरळ भटारखान्याच्या खिडकीपाशी जाऊन वास घ्यायचा, नाहीतर दुसऱ्याच्या ताटाकडे बघून म्हणायचा, "उसको दिया वो." मला वाटायचं, काय रुबाब आहे. मी मित्रांना सांगायचो, माझा दादा कार्ड बघत नाही, माणसाचं ताट बघून जेवण ओळखतो.

समोर दुसरी वाटी निवत होती आणि मला एकामागून एक सगळं दिसायला लागलं. दोन वर्षांपूर्वी कंपनीने नवीन नियम केला, क्रेन चालू करण्याआधी इंग्रजी कागदावर खुणा करायच्या. तेव्हापासून दादा रोज सकाळी हाक मारायचा, "स्वरूप, हयसर ये. ह्या वाच. माजे डोळे चुरचुरतत." गणपतीत आरतीचं पुस्तक हातात धरून तो सगळ्यांच्या पुढे उभा राहायचा, एका वर्षी ते उलटं धरलं होतं आणि आम्ही पोरं हसलो, तर म्हणाला तुमची परीक्षा घेतली. तुमची पत्रं आली की "तू वाच, तुझा आवाज बरो आसा" म्हणायचा.

आणि माझ्या वह्या. तुम्हाला आठवतंय? तो सुट्टीवर आला की माझ्या वह्या मागायचा. पडवीत बसून एकेक पान सावकाश उलटायचा. मग कुठल्यातरी शब्दावर बोट ठेवायचा. "ह्या परत बघ." बस, एवढंच. चूक काय ते कधी सांगायचा नाही. मी घाबरून तो शब्द बघायचो, त्याच्या मागचा-पुढचा बघायचो, आणि शंभरातल्या ऐंशी वेळा मला काहीतरी सापडायचं. वेलांटी, नाहीतर गाळलेलं अक्षर. मी दुरुस्त करून दाखवलं की तो मान हलवायचा. नववीत शाळा सुटली तरी ती सवय सुटली नाही. आजही मी काही लिहिलं की कोणीतरी बोट ठेवलंय असं वाटतं. इथे ऑफिसात सगळे म्हणतात, स्वरूपच्या कागदात चूक नसते. मला वाटायचं, माझ्या दादाला सगळं येतं.

वहिनी, तो कुठेही बोट ठेवायचा. हो ना?

मालकिणीने येऊन कातरीने माशाची पाठ कापली, काटा अख्खा उचलला आणि पहिला तुकडा समोरच्या रिकाम्या जागेपुढच्या वाटीत ठेवला. मग दुसरा माझ्या. वाकटी तिखट होती, मुळ्याच्या जाड चकत्या घातलेली. तुमच्यासारखी नव्हती पण परकीही नव्हती. मी माझी वाटी संपवली आणि मग दादाचीही संपवली. टाकायचं कसं?

परत आल्यावर मी रॉबर्टअंकलना विचारलं. पूर्वीची, फोन नव्हते तेव्हाची दादाची सगळी पत्रं त्यांच्याच हातची, हे मी नंतर जुळवलं. ते बनियन धूत होते.

"अंकल, दादाला वाचता येत नाही का?"

त्यांनी नळ बंद केला. "तुला आत्ता कळला? तेवीस वर्षं आम्ही सोबत, फोन येईपर्यंत त्याची पत्रं मीच लिवली. तो सांगायचा, मी लिवायचो. तुझ्या वहिनीला काय काय लिवलंय, माझ्या टेरेसाला कधी लिवलं नाय तेवढं."

"मला का नाही सांगितलंत?"

"शपथ घातलेली त्यानं. बोलला, पोरगा माझ्याकडं बघून शिकतोय. त्याला कळला तर बघायचा बंद करील."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी तुमच्यावर रागावलेलो नाही. ती पत्रं दादाच्या हातची नाहीत हे पहिल्याच पत्राला तुम्ही ओळखलं असेल आणि तरी कधी तसं दाखवलं नसेल. मी तुमच्यासारखा नाही निघालो. आता ते लिहितो, जे लिहायला हा कागद घेतला.

मार्चमध्ये एकदा मी जवळ नसताना दादाने क्रेनला भार बांधायचा एक बाद झालेला पट्टा लावून साचा उचलला होता. पट्ट्यावर "वापरू नये" अशी इंग्रजी चिठ्ठी बांधलेली होती. वर गेल्यावर पट्ट्याचे धागे सुटले आणि साचा एका बाजूला वीतभर कलला. खाली कोणी नव्हतं, दादाने हळूच उतरवला. मी त्याला विचारलं, "दादा, चिठ्ठी दिसली नाही?" तो बराच वेळ हातमोजे काढत राहिला. मग म्हणाला, "नाय रे. डोळे गेले माजे."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. दोन दिवस जेवण गेलं नाही. क्रेनखाली आमची सात माणसं काम करतात, कोणाचंही काही झालं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सुपरवायझर लतीफकडे गेलो आणि सांगितलं की माझ्या भावाला दिसत नाही.

मी सांगितलं, वहिनी. लतीफने नाही.

दादाला अजून वाटतं की लतीफने वर कळवलं. तपासणीत नापास झाल्यावर लतीफने त्याला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवायचं ठरवलं होतं, पण दादा गेलाच नाही. शेवटच्या दिवशी भर शेडमध्ये तो लतीफला म्हणाला, "बीस साल साथ खाना खाया लतीफभाई, और पीठ में मारा?" लतीफ बहरीनी माणूस, वयाने मोठा, सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा राहिला. माझ्याकडे त्याने एकदासुद्धा बघितलं नाही. एवढंच म्हणाला, "खलास, महादेव. माफ करना." मी मागे पट्ट्यांची मोजदाद करत होतो. हातातली यादी वर करून तोंडासमोर धरली होती. नंतर दादाच्या जागी मला क्रेनवर घेतलं. कोरियाला जायचं होतं ते त्याने, गेलो मी.

तो माझ्याशी तुटक बोलतो, ते मी त्याची जागा घेतली म्हणून, असं तुम्हाला वाटत असेल. मला आता वाटतं, त्याला माझी भीती वाटते. मी एक दिवस सगळं ओळखीन म्हणून.

आता कामाचं. परवा मी लतीफला विचारलं, दादा परत आला तर? तो म्हणाला, "डॉक्टर का कागज लाए तो मैं कल वीज़ा डालता हूँ. लेकिन बड़े डॉक्टर का टेस्ट क्यों नहीं दिया, मेरे को सच मालूम होना." वर्षअखेरपर्यंत तो दुसरा क्रेनवाला घेणार नाही. दादा आला तर मी पुन्हा खाली पट्टे बांधायला जाईन, आनंदाने जाईन.

पण चिठ्ठी वाचता येत नसेल तर धोका उरतोच, हे मी विसरलेलो नाही. त्याचाही विचार केला आहे. रोजच्या कागदावर आणि चिठ्ठ्यांवर मिळून एकतीस शब्द येतात. मी ते मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येकासमोर चित्र काढलं आहे, हुक, दोरखंड, ब्रेक, फुली मारलेला पट्टा. ते कागद पार्सलमध्ये कातरीखाली आहेत. अंगणवाडीत तुम्ही पोरांना शिकवता तसं त्याला शिकवाल का? तो तुमचं ऐकेल. आणि बाद पट्ट्यांना लाल फीत बांधायची असं मी लतीफकडून करून घेतलं आहे, कारण न सांगता. कणकवलीला डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा की चित्रांचा तक्ता लावा. पुष्कळ ठिकाणी असतो.

लतीफला खरं कारण मी सांगितलेलं नाही. दादाने हो म्हटल्याशिवाय सांगणार नाही. एकदा मी त्याला न विचारता बोललो. या वेळी विचारतो आहे. तो नको म्हणाला तर हे माझ्यापाशीच राहील आणि रॉबर्टअंकलसारखा मीही ते सांभाळीन.

हे पत्र त्याला वाचून दाखवायचं की नाही ते मी आधी तुमच्यावर सोडणार होतो. कच्च्या कागदावर तसं लिहिलंही होतं. पण तो परत माझा पळपुटेपणा झाला असता. तेव्हा वाचून दाखवाच, वहिनी. दीप्ती कॉलेजला गेली की, पडवीत बसून, लतीफचं आणि माझं जे आहे तेही न गाळता. शेवटी कागद त्याच्या हातात द्या. तो पहिल्यासारखा सावकाश उलटू दे. त्याला वाटेल त्या शब्दावर त्याने बोट ठेवावं आणि तुम्ही मला फक्त तो शब्द कळवा.

मी परत बघीन. काहीतरी चुकलेलं असेलच.

तुम्हा दोघांचा,
स्वरूप